पुसलेला पिवळा

माधव नगर, उज्जैन
२८ ऑक्टोबर १९९६

जयू,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. आठ वर्षांनी पहिल्याच ओळीत आशीर्वाद दिला तर तू कागद तिथेच मिटशील, म्हणून आधी कामाचं विचारतो. जलरंगात सावलीला काय घालतात? मी काळा घालतो आणि चित्र तव्यावर विसरलेल्या पोळीसारखं दिसतं.

आता तू म्हणशील, तुमचा आणि रंगांचा काय संबंध? सांगतो. मे महिन्यात रिटायर झालो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पेट्या मोजल्या, आता दुपारी दोनला घरातलं घड्याळ ऐकू येतं. त्या आवाजाची मला भीती वाटते. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. ऑगस्टमध्ये गव्हाची कोठी रिकामी करताना तळाशी तुझं रंगांचं खोकं सापडलं, तुझ्या आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेलं. मी तुझी चित्रं रद्दीवाल्याला दिली, त्या दिवशी तिने एवढं लपवलं होतं. आठ वर्षं ती त्याच्यावर गहू ओतत होती आणि मला पत्ता नाही.

खोक्यात तुझी वहीही होती. 'वस्तू आधी मांडा. मग अर्धा तास नुसतं बघा. ठाऊक आहे ते काढू नका, दिसतं ते काढा.' तुझं अक्षर वाचून कुणीतरी रागावल्यासारखं वाटलं, पण ऐकलं. तेव्हापासून रोज दुपारी वस्तुचित्र काढतो. पितळी तांब्या, दोन वांगी, चिनी मातीचं पांढरं ताट. प्रत्येक कागदावर खाली तारीख घालतो, सवय जाणार कुठे. तुझी आई समोर बसून तांदूळ निवडते आणि ताटात तिचा हात येतो. "हात काढ" म्हटलं तर म्हणते, "हातासकट काढा नं. मी काय तुमच्या तांब्याहून गयीगुजरी आहे?" तेव्हा आता हातही मांडणीत आला आहे.

तू बडोद्याला मुलांना हेच शिकवतेस असं ती सांगते. उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी समजून घेईन.

मा. गो. फणसे

(सही ऑफिसातली झाली. राहू दे.)


माधव नगर
२० नोव्हेंबर १९९६

जयू,

तुझं कार्ड आलं. 'सावलीत काळा नको. निळ्यात थोडा तांबडा. ज.' ना वर मायना, ना खाली खुशाली. तुझी आई ते कार्ड उशाखाली घेऊन झोपते, आणि मी निळ्यात तांबडा घालतो. वांग्याची सावली खरंच वांग्याची दिसायला लागली आहे. शेजारचे लोक आता दिवसभर टीव्हीवर तीस चॅनेल बघतात, माझं एक वांगं चार दिवस पुरतं.

आता दुसरा प्रश्न. परवा मी मुळा मांडला होता. पांढरा मुळा, पांढऱ्या ताटात. रंग जुळवायला गेलो तर पिवळ्या रंगाची वडी ओली करावी लागली. थोडी नाही, बरीच. मला वाटलं खिडकीच्या पडद्याची झाक असेल, म्हणून पडदा काढला. कागद बदलला. ब्रशचं पाणी तीनदा बदललं. तरी तेच. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले होते की मोतीबिंदू धरतो आहे, आणि मोतीबिंदूत सगळं पिवळसर दिसतं. तसंच असणार. तुझ्या वहीत याबद्दल काही नाही. तुझ्या पाहण्यात असं कुणी आलंय का, ज्याच्या डोळ्याच्या दोषानं पांढरं पिवळं रंगवलं गेलं?

सोबत दोन चित्रं पाठवतो. दिवाळीच्या आदल्या दिवशीचं, नऊ तारखेचं, पाठवत नाही. ते बिघडलं.

तुझ्या आईने या महिन्यात तुला लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. म्हटलं, तुझ्या चार ओळी यात घाल, तर म्हणाली, "तुम्हीच लिहा, तुमचं चाललंय ते चालू द्या." थंडीने तिच्या अंगाला खाज सुटते. खोबरेल लावून बसते. जेवण जरा कमी झालंय. बटले स्वस्त झाले की मग जेवेल. शेंगा सोलताना निम्मे दाणे तोंडातच जातात तिच्या.

मुळ्याचं लवकर कळव. तशी घाई नाही.

मा. गो. फणसे


माधव नगर
३ डिसेंबर १९९६

जयू,

तुझं कार्ड काल दुपारच्या टपालाने आलं. मी अंगणात होतो, ते तुझ्या आईने घेतलं आणि दारातच मोठ्याने वाचलं.

'डोळा पिवळं बघत असेल, तर वडीतला रंगही पिवळाच बघेल. दोन्हीकडे तीच चूक, म्हणजे कापली गेली. जुळवून लावला असेल तर रंग बरोबर आहे. मुळाच पिवळा आहे. जून झालाय, फेकून द्या. ज.'

वाचून ती हसली. मग म्हणाली, "कुठला मुळा हो? तुम्हाला गॅस होते म्हणून मुळा मी आणतच नाही घरात."

तिने कार्ड उलटं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग कार्ड धरलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नंतर पदराखाली हात घेऊन आत गेली.

जयू, मुळा नव्हता. तुझ्या आईचा हात होता. मी खोटं लिहिलं. तू बापाला इतकं सरळ उत्तर दिलंस आणि मी तुला खोटा प्रश्न घातला होता. मला तुझ्याकडून एवढंच हवं होतं की दोष डोळ्याचा आहे असं तू लिहावंस. मग मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं असतं आणि ती बरी झाली असती, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. तुझं उत्तर मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. त्यात फट नाही. पार्सलचा काटा चुकीचा असला तरी दोन्ही पेट्यांना सारखाच चुकीचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मी इतका का घाबरतो, ते तुला सांगायला हवं. अण्णांना तू पाहिलं नाहीस. माझे थोरले भाऊ. तू जन्मायच्या आदल्या वर्षी ते गेले, चौतिसाव्या वर्षी, काविळीने पिवळे होऊन. आधी डोळे, मग नखं, मग शेवटी उशीच्या अभ्र्यालासुद्धा घामाचे पिवळे डाग पडत. आमच्या घरात त्यानंतर वर्षभर हळद कुणी मोकळ्या मनाने वापरली नाही.

सकाळी तुझ्या आईला म्हटलं, डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, "डॉक्टरकडे मग जाऊ. पहिले झाडून घेऊ. नानाखेड्याच्या बस स्टँडमागे तो झाडणारा इतवारी बसतो, सबनिसांच्या सुनेचा पीलिया त्यानेच उतरवला नं?" अण्णांनाही आम्ही असंच नेलं होतं. पण मी हो म्हणालो. डॉक्टर काय सांगेल याची मला भीती वाटते, झाडणाऱ्याची वाटत नाही. खरं कारण एवढंच.

रविवारी जाऊन आलो की हे पत्र टाकतो. तोवर काहीतरी चांगलं लिहायला मिळेल.


९ डिसेंबर

वरचं पत्र टाकलं नाही. पेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आलो. त्याच कागदावर पुढे लिहितो.

काल नानाखेड्याला गेलो. तिथे रांग असते. पुढे झाडाखाली एक माणूस पितळेची परात घेऊन बसलेला. आपल्याकडे हे कसं करतात ते तुला लहानपणी कानावर आलं असेल. रोग्याच्या हातांना कसलीशी तपकिरी पूड चोळतात, मंत्र पुटपुटतात आणि वरून चुन्याचं निवळ पाणी ओततात. पाणी परातीत पडताना पिवळं होतं. रोग्याच्या अंगातला पिवळा बाहेर आला, असं म्हणतात. तुझ्या आईच्या हातावरून पाणी पडलं आणि परात पिवळीधमक झाली.

"देखो माताजी, कितना उतरा," तो म्हणाला. "पाँच इतवार में साफ."

तुझ्या आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मलाही क्षणभर रडू आलं. आणि मग त्या परातीकडे बघता बघता तुझी वही आठवली. अर्धा तास नुसतं बघा. तेवढा वेळ कुठला मिळायला, मी मिनिटभर बघितलं. तो पिवळा निराळा होता, जयू. तिच्या हातातला पिवळा मी महिनाभर जुळवतो आहे. त्यात हिरवट झाक आहे, कच्च्या लिंबाची. परातीतला तांबूस होता, हळद-कुंकवाच्या मधला. तिच्या अंगातून निघालेला रंग तिच्या अंगाचा नाही, हे कसं?

मी बाही वर केली आणि म्हटलं, "मेरे भी धुलाओ."

"आपको तो कुछ नहीं है बाबूजी."

"फिर भी धुलाओ."

रांगेतले लोक बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. पूड चोळली, पाणी ओतलं. परात तशीच पिवळी झाली, तुझ्या आईइतकीच, बहुधा थोडी जास्तच. त्याने पापणीही हलवली नाही. म्हणाला, "आपको भी शुरू हो गया है. आप भी पाँच इतवार आओ." रांगेतल्या एका बाईने माझी कीव केली.

मी माझी नखं पाहिली. गुलाबी होती. तिची पाहिली.

अण्णांच्या वेळी तांब्या माझ्या हातात होता, जयू. चुन्याचं पाणी मीच ओतलं होतं, एकोणतीस वर्षांचा घोडा मी. परात पिवळी होताना बघून ओरडलो होतो, "उतरलं, अण्णा, उतरलं!" अण्णा हसले होते. अकराव्या दिवशी ते गेले. आणि मी एवढी वर्षं समजत होतो की आमचा एखादा रविवार चुकला असेल, पथ्य मोडलं असेल, कुणाची तरी नजर लागली असेल. पाणी खोटं असेल, हे डोक्यातच आलं नाही, कारण मी ते नीट बघितलंच नव्हतं.

बस स्टँडवर तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती बाकावर बसली. माझ्या ओल्या हाताला पदर लावत म्हणाली, "मग आता?"

मी म्हटलं, "आता उद्या डॉक्टर."

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण जयूला इतक्यात लिहू नका. बापलेकीचं आत्ता कुठे सुरू झालंय, त्यात माझं दुखणं कशाला." मी तिला हो म्हणालो. म्हणून हे पत्रही पेटीत पडत नाही.


इंदूर
२६ डिसेंबर १९९६

जयू,

आता सगळं एकाच पाकिटात घालतो, आधीची न टाकलेली पानंसुद्धा. तिला दिलेला शब्द मोडतो आहे. तार करणार होतो, पण दारात तार आली की माणूस एकच समजतो, आणि तेवढं अजून झालेलं नाही.

उज्जैनच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि त्याच दिवशी इथे पाठवलं. इथल्या सर्जनने पहिला प्रश्न विचारला, "बाबूजी, पीलापन कब से है?" बाकी लोक म्हणतात, झाले असतील पंधरा दिवस, महिना. मी पिशवीतून चित्रांचे कागद काढले आणि तारखांनी लावून टेबलावर ठेवले. त्या डॉक्टरांनी असलं काही पाहिलं नसावं. एकेक कागद खिडकीकडे धरून बघत गेले. अठ्ठावीस ऑक्टोबरला काही नाही. तीन नोव्हेंबरला बोटांच्या पेरांत किंचित. सहाला नखांच्या कडेला. मग नऊचा कागद आला आणि ते थांबले.

"इसमें तो हाथ एकदम साफ है. बीच में उतर गया था क्या?"

नऊ तारखेचं चित्र बिघडलं म्हणून मी तुला पाठवलं नव्हतं ना? ते बिघडलं नव्हतं. त्या दिवशी तुझी आई करंज्या करत होती. परातीत कच्च्या करंज्या, मैद्याच्या, पांढऱ्याफेक, आणि त्यांच्यावर मुरड घालणारा तिचा हात. शेजारी इतकं पांढरं असल्यावर शंकेला जागाच राहत नाही. मी रंग जुळवला, लावला आणि मला समोर अण्णांचा हात दिसला. मग ओला कापूस घेऊन मी तो पिवळा टिपून काढला. रंग ओला होता, सहज निघाला. खाली कागदाचा पांढरा आला, आणि मी चहा मागितला.

डॉक्टरांना म्हणालो, "उतरा नहीं था. मैंने पोंछ दिया था."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाले, "महीना भर पहले आते तो..." आणि त्यांनी नऊचा कागद परत जागेवर ठेवला. अडतीस वर्षांत मी ऑफिसच्या एका ओळीत खाडाखोड केली नव्हती. केली ती इथे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हे तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर बोलेल तरी. ती म्हणाली, "मी बघितलं होतं. करंजी मुरडता मुरडता बघत होते तुम्हाला. कापूस घेतलात, हाताचं पुसलंत, परातीचं नाही पुसलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घाबरला होतात. आणि त्याच आठवड्यात जयूचं कार्ड आलं. आठ वर्षांनी तुमच्या नावाने आलं हो. मला वाटलं, थांबू थोडं. दोन-चार पत्रं होऊ देत."

म्हणजे आम्ही दोघेही गप्प होतो, आणि दोघांनाही ठाऊक होतं. तुला वाटेल ही कसली माणसं. मलाही तेच वाटतं.

वीस तारखेला ऑपरेशन झालं. पित्ताच्या नळीवर गाठ दाबून बसली होती. पित्ताला दुसरीकडून वाट काढून दिली आहे आणि गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवला आहे. त्याचं उत्तर यायला पंधरा दिवस लागतील. तोवर काय बघायचं, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "रंग देखते रहिए. रोज़ थोड़ा उतरना चाहिए. न उतरे तो फिर सोचना पड़ेगा." दुसऱ्या कुणाला म्हणाले असते की नाही कुणास ठाऊक. त्यांनी मला काम दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी अकराला, ऊन वॉर्डच्या खिडकीत येतं तेव्हा, तिचा हात पांढऱ्या चादरीवर ठेवतो आणि रंग जुळवून कागदाच्या पट्टीवर एक चौकोन लावतो. खाली तारीख. एकवीस ते सव्वीस असे सहा चौकोन झाले. पट्टी सोबत आहे. बाजूच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक मला वेडा समजतात, आणि येता-जाता विचारतात, "बाबूजी, आज कैसा?"

आज कसा, तेच मला सांगता येत नाही. चौकोन रोज फिका होत गेलेला आहे, तू बघशीलच. पण तो हात फिका होतोय म्हणून, की मी फिका लावतोय म्हणून? तू लिहिलंस की डोळ्याची चूक दोन्हीकडे सारखी असते, म्हणून कापली जाते. मोतीबिंदूची जाते, जयू. भीतीची जात नाही. वडीतल्या रंगाकडे बघताना मला काही वाटत नाही. हाताकडे बघताना अण्णांचा हात दिसतो, आणि मग ब्रशवर पाणी जरा जास्त येतं. काल तेविसाचा आणि चोविसाचा चौकोन शेजारी धरून पाहिले आणि चोविसाचा लावताना मी श्वास रोखून धरला होता हे मला आठवलं. श्वास रोखून कसला रंग जुळतो? ज्याने एकदा पुसलंय तो दुसऱ्यांदाही पुसेल, आणि या खेपेला त्याला कापूसही लागणार नाही.

तुझी चित्रं मी रद्दीत दिली. तेव्हा म्हणालो होतो की रंग कालवून कुणाचं भलं झालेलं नाही. त्याची माफी या पत्रात मागणार होतो, पण आजारी आईच्या आडून माफी मागितली असं होईल. ती वेगळी मागेन. तू ऐकलं नाहीस तरी मागेन.

आत्ता मागतो ते एवढंच. ये आणि तिच्या हाताचा रंग तू जुळव.

आमच्या ऑफिसातला अरविंद उद्या गाडीवर बडोद्याला येतो आहे, पाकीट त्याच्या हाती देतो. तो परवाच्या गाडीने परत फिरेल. त्याला चहा विचार, दोन चमचे साखर घेतो. तुझं खोकं इथे खिडकीत आहे. सत्तावीसपासून पुढचे चौकोन दुसऱ्या पट्टीवर पेन्सिलने आखून ठेवलेत आणि त्यांत मी ब्रश लावणार नाही. आईला सांगितलं नाहीये की तुला बोलावलंय, पण तिने सकाळी स्वतःहून वेणी घालून मागितली.

आणि जयू, तुला तो फिका दिसला नाही, तर मला तसं सांग. मी समोर उभा राहून बघेन.

बाबा